स्टार्टर खोलून तासन्‌तास बसतंय, मग एडीएचडी कसा?

बागायतदार_तासगाव:
पोरगं चौथीत आहे. डबा, स्वेटर, काहीतरी रोज शाळेत विसरून येतंय. गणित येतंय, पण अर्धं सोडवून उठतंय. बाई म्हणाल्या, एडीएचडी असेल, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार; दाखवून घ्या. पण हेच पोरगं बागेत मोटरीचा जुना स्टार्टर खोलून बसलं की जेवायला हाका मारून घसा बसतो. मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं? आमची आई म्हणते, तूही असलाच होतास. मला वाटतंय लाडानं बिघडलंय.

सरळ_उपाय:
चॉकलेट अन् मोबाइल बंद करा. आठवड्यात सुतासारखं सरळ येतंय बघा.

मिरजेची_ताई:
साखरेनं एडीएचडी होत नाही. मोबाइल जरूर कमी करा, झोप तरी नीट होईल.

दादा, या मुलांना लक्ष असतं, ते हवं तिकडं वळवणं जड जातं. विशेष शिक्षिका म्हणून मी हे रोज बघते. वळवायचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं आणि आत खोल असलेल्या स्ट्रायाटमचं. तिथले निरोप डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं नेतात. स्टार्टर खट्‌कन ओढला की आनंद जागेवर मिळतो. पाढ्यांचा मिळतो परीक्षेत, तोही मिळाला तर! 2007 च्या एका अमेरिकी एमआरआय अभ्यासात मेंदूची साल पुरती जाड व्हायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात, एडीएचडीच्या मुलांत साडेदहा निघालं. पण म्हणून स्कॅन काढत बसू नका, निदान त्यावर होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची, सहा महिने टिकलेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत.

लाडाचा संबंध नाही. आजींचं मात्र ऐका. जुळ्यांच्या अभ्यासांत या लक्षणांत मुलामुलांत जो फरक असतो, त्याचा 70 ते 80 टक्के वाटा आनुवंशिक दिसतो, आणि जनुकं एक-दोन नव्हेत, पुष्कळ. वेळेआधी जन्म, कमी वजन यांनीही शक्यता वाढते.

खिडकीजवळची:
मुलींचंही लिहा की ताई. आम्ही बाकावरून उड्या मारत नाही, नुसतं बाहेर बघत बसतो. मला तिशीनंतर कळलं. तोवर सगळ्यांच्या लेखी मी वेंधळी.

बागायतदार_तासगाव:
आमचं आठव्या महिन्यातलंच आहे. आधी कुणाकडं न्यायचं? गोळ्या लगेच सुरू करतात काय?

मिरजेची_ताई:
आधी बालरोगतज्ज्ञ. कान-डोळे बघून ते बालमानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतील. गोळ्यांचं ते ठरवतील. पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण, शाळेत थोडे बदल, हेही उपचारच. बाईंकडून वर्गातलं लिहून न्या. आणि तुमच्या लहानपणाचं विचारतील, आजींनाच सोबत घ्या.