मदत हवी आहे: सासूबाईंचा मिनी स्ट्रोक, डॉक्टर तीन, गोळी कधी थांबवायची ते कोण सांगणार? (बडोदा)

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मागच्या पंधरवड्यात सासूबाईंच्या उजव्या हातातून वाटी निसटली, जीभ जड झाली आणि थोड्याच वेळात सगळं पूर्ववत. "थकवा आहे गं," म्हणाल्या, पण आम्ही लगेच दवाखाना गाठला. एमआरआय स्वच्छ आला. न्यूरोलॉजिस्टनी टीआयए (म्हणजे मिनी स्ट्रोक) सांगून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या 21 दिवस, पुढे एकच गोळी, असं लिहून दिलं.

मग बीपीसाठी फिजिशियनकडे गेलो. त्यांच्या चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या आहेत, मुदत मात्र नाही. कार्डिओलॉजिस्टनी ईसीजी पाहिला आणि गोळ्यांचं न्यूरोलॉजिस्टना विचारा म्हणाले. न्यूरोलॉजिस्टची पुढची तारीख 21 दिवस उलटून गेल्यावरची. दोन्ही गोळ्या लांबल्या तर रक्तस्रावाची भीती, आपल्या मनाने थांबवल्या तर झटक्याची.

नणंद इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिकडे टीआयए क्लिनिकात स्ट्रोक नर्स हकिगत, बीपी, ईसीजी बघते, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) बहुधा तंत्रज्ञ करतात, निदान आणि औषधं मोठे डॉक्टर ठरवतात, आणि सगळं एका पत्रात फॅमिली डॉक्टरांकडे जातं. मला ते एक पत्र हवं आहे! आपल्याकडे ते कोणाकडून मागायचं? आणि डॉपलर अजून कोणीच सांगितला नाही, तो विचारू का?

प्रतिसाद १
ताई, या गोळ्यांचा निर्णय न्यूरोलॉजिस्टचाच. तारखेची वाट बघू नका. उद्याच ओपीडीत फोन करा, दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा आणि एवढंच विचारा: कुठली गोळी, कोणत्या तारखेला थांबवायची? उत्तर लेखी घ्या आणि फिजिशियनना दाखवा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल त्यांच्याकडेच राहू दे.
डॉपलर जरूर विचारा. आपल्याकडे तो रेडिओलॉजिस्ट करतात. लक्षणांना जबाबदार बाजूची (उजव्या हाताला त्रास झाला तर डावी) मानेतली धमनी 50 टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि त्यात उशीर चालत नाही. कार्डिओलॉजिस्टना होल्टरबद्दलही (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) विचारा. अधूनमधून अनियमित होणारे ठोके एका ईसीजीत सापडतीलच असं नाही, आणि सापडले तर औषधच बदलावं लागतं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. तोवर घरात सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं, की थेट 108. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात.