मदत हवी आहे: फोनचा व्हीलॅन (स्विचवर आखलेलं आभासी नेटवर्क) वेगळा केला, तरी आवाज तुटतोच

मंडळी, रत्नागिरीजवळ आमचं आंबा पॅकिंगचं ऑफिस आहे. चौदा आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारे), २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणि क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवणारे आठ कॅमेरे. सीझनला फोन खाली ठेवायची सोय नसते. काल गिऱ्हाईक म्हणालं, "पुन्हा सांगा, किती डझन?" चार वेळा! शेवटी आमच्या पोरीने स्वतःच्या मोबाईलवरून लावला.

फोन व्हीलॅन २० वर, कॉम्प्युटर १० वर. कॉम्प्युटर फोनच्या मागच्या पोर्टातून जोडलेत, म्हणून स्विचच्या पोर्टवर १० अनटॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅन क्रमांकाची खूण नाही), २० टॅग्ड (खूण आहे). आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ (आधी पाठवा, अशी अग्रक्रमाची खूण) आहे, स्विच ते मानतो. ऑफिसातल्या ऑफिसात बोलणं खणखणीत. बाहेरच्या कॉलला मात्र, कॅमेऱ्यांचं अपलोड चालू असलं की समोरच्याला आमचे शब्द गाळून ऐकू येतात.

अपलोड २० एमबीपीएस. जी.७११ चा (आवाज डिजिटल करायची एक प्रमाण पद्धत) कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो, म्हणजे चौदाही जण बोलले तरी सव्वा एमबीपीएसच्या आत. मग अडतंय राउटरवरच ना? तिथे अपलोड १८ वर बांधून ४६ ला पहिली रांग देऊ, की कॅमेरे तिसऱ्या व्हीलॅनवर टाकून त्यांचाच वेग आवळू? चालू कॉल न तोडता हे करता येईल का? रात्री दहानंतरच हात लावता येतो.