आठव्या पिढीचा आय५ लॅपटॉप: विंडोज एसएसडीवर, डेटा जुन्या हार्ड डिस्कवर. क्रम कसा ठेवावा?

नाशिककर_७:
लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क आहे. सी वर विंडोज १०, डी वर फोटो आणि कागदपत्रं. बोर्डवर एम.२ची एक जागा रिकामी आहे. तिथे ५०० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावून विंडोज ११ टाकायचं आणि हार्ड डिस्क फक्त साठवणीला ठेवायची आहे. कोणती एसएसडी बसेल? जुनं विंडोज क्लोन करू (जसंच्या तसं उतरवू) की नव्याने टाकू? डीमधलं काहीही जाता कामा नये.

खटपट्या:
एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या जागेत सॅटा चालतं, एनव्हीएमई चालतं (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती) की दोन्ही, हे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच एसएसडी घ्या. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, काही लॅपटॉपमध्ये २२४२च मावते. रिकाम्या जागेसोबत स्क्रू अनेकदा नसतो, तो आधीच आणून ठेवा.

क्लोन नको, नव्यानेच टाका. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होमच टाकली, की इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग मागचं झाकण उघडून आधी बॅटरीचं कनेक्टर काढा आणि हार्ड डिस्कची केबलही काढून ठेवा. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबा, स्क्रू हलक्या हाताने आवळा, बॅटरी परत जोडा. विंडोज ११चा सेटअप भरलेल्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना एकटी एसएसडीच दिसली पाहिजे. हार्ड डिस्क जोडलेली राहिली, तर तिच्यावरचं जुनं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या, म्हणजे बूटच्या फाइलींचा छोटा भाग) बघून सेटअप बूटच्या फाइली तिथेच टाकू शकतो. मग विंडोज एसएसडीवर असूनही हार्ड डिस्क बंद पडली की लॅपटॉप सुरूच होत नाही. इतक्या जणांचं घोडं इथेच अडतं, तरी हा टप्पा लोक टाळतात.

बायोसवाला:
वरच्या उत्तराला एक जोड. सेटअपमध्ये एनव्हीएमई दिसलीच नाही, तर ती खराब आहे असं समजून परत करू नका. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या मूळ सेटिंगमध्ये) सॅटा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर, म्हणजे इंटेलचा वेगळा ड्रायव्हर लागणाऱ्या पद्धतीवर असेल तर असं होतं. तो एएचसीआय (नेहमीची साधी पद्धत) करा, किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. हा बदल इन्स्टॉलच्या आधीच करा. नंतर मोड बदलला की बूट होताना निळा स्क्रीन येतो. बूट मोड यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) ठेवा, सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) सोय हवी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) चालू हवं, नाहीतर विंडोज ११ अडून बसेल.

नाशिककर_७:
धन्यवाद. हार्ड डिस्क परत जोडल्यावर जुनं विंडोज मध्ये येईल का? आणि डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर थेट डीवर नेता येतात का?

खटपट्या:
येऊ शकतं. बायोसच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशा दोन नोंदी दिसतील, त्यात एसएसडीची वर ठेवा. आठ-पंधरा दिवस नवं विंडोज नीट चाललं, की जुनं सी पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून काढा. ईएफआय पार्टिशन तिथून निघत नाही. डिस्कपार्टमध्ये (कमांड लिहून पार्टिशन बदलायचं विंडोजचं साधन) ‘ओव्हरराइड’ लावावं लागतं. त्याआधी ‘लिस्ट डिस्क’मध्ये आकार बघून डिस्कचा क्रमांक पक्का करा. ५०० जीबीची एसएसडी सुमारे ४६५, १ टीबीची डिस्क सुमारे ९३१ दिसेल. ‘क्लीन’ ही कमांड अजिबात वापरू नका, तिने डीसकट सगळी डिस्क जाते.

बायोसवाला:
फोल्डर नेता येतात. डीवर आधी वेगवेगळे फोल्डर बनवा. मग डॉक्युमेंट्सवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. थेट डीचं मूळ निवडलंत तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि दुसरा फोल्डरही तिथेच नेला की दोन्हींचा खिचडा होतो. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करा. पूर्ण यूझर्स किंवा अ‍ॅपडेटा (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा फोल्डर) मात्र हलवू नका, पुढच्या मोठ्या अपडेटला अडचण येते. पेजफाइलही (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) एसएसडीवरच राहू द्या; ८ जीबी रॅमवर ती हार्ड डिस्कवर नेली तर मशीन पुन्हा रडायला लागेल.

डी उघडताना दोन-तीन सेकंद अडकल्यासारखं वाटेल. डिस्क झोपलेली असते म्हणून. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क’ची वेळ वाढवा. आणि फोटोंची बाहेरची प्रत हे सगळं झाल्यावरही पुसू नका, कारण डीवर आता ते एकाच जागी आहेत आणि ती डिस्क जुनी आहे.