मदत हवी आहे : एआय सुरक्षा संशोधन संस्था, सेक्शन ८ (ना-नफा कंपनी) की प्रायव्हेट लिमिटेड?

चाचणीघर : आम्ही दोघं पुण्यात भाषा मॉडेलांच्या मराठी-हिंदी सुरक्षा चाचण्या करणारी संस्था काढतोय. पैसे देणारे तयार आहेत. पंधरा दिवसांत नोंदणी कशात करतोय ते कळवायचंय. लवकर सांगा.

सहीशिक्का : पैसे कुठले? देणगी की कामाचा मोबदला?

चाचणीघर : अमेरिकेतल्या फाउंडेशनची ग्रँट. त्याने काय फरक पडतो?

सहीशिक्का : सगळा फरक त्यानेच पडतो. परदेशी ग्रँट म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. कायम नोंदणीसाठी संस्थेला ३ वर्षं पूर्ण हवीत आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. नव्या संस्थेला पूर्वपरवानगी : एफसी-३बी अर्ज, देणगीदाराचं रकमेसह वचनपत्र, प्रकल्प अहवाल. परवानगीआधी एक रुपयाही घ्यायचा नाही. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. पंधरा दिवसांचं हे काम नाही.

उलटतपासणी : एवढं कशाला? प्रायव्हेट लिमिटेड काढा, सेवेचा करार करा, जीएसटीत एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून निर्यात दाखवा.

सहीशिक्का : खरोखर सेवा असेल तरच. करारात चाचणी अहवाल, मुदत आणि दर हवेत. फाउंडेशनच्या पत्रात 'ग्रँट' आणि तुमच्या बिलावर 'सल्लाशुल्क' असं असेल, तर ते अंगाशी येईल.

गच्ची : आधी मशीन घ्या. २४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६-बिटात आरामात बसतं.

उलटतपासणी : मशीनचं कुणी विचारलंय?

काठपदर : नोंदणीइतकाच चाचणीत मॉडेलला विचारायचा प्रश्नसंचही महत्त्वाचा आहे. इंग्रजी प्रश्नांचं भाषांतर करू नका, प्रश्न मराठीतच लिहून घ्या. प्रत्येक प्रश्न देवनागरीत आणि रोमन लिपीत ('मला सांग ना' हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून), दोन्हींचे गुण वेगळे ठेवा. मॉडेल 'माफ करा, यात मदत करता येणार नाही' म्हणतं आणि पुढच्याच परिच्छेदात त्या धोकादायक कामाची कृती सांगतं. नुसते शब्द शोधणारा तपासनीस प्रोग्रॅम त्याला नकार धरतो. म्हणून निदान ५० उत्तरं दोघांनी स्वतंत्रपणे वाचा.

चाचणीघर : हे पटलं. पण मधल्या काळात काम सुरू कसं करायचं?

सहीशिक्का : एफसीआरए नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेच्या पगारपत्रकावर या, प्रकल्प त्यांच्या नावावर. अपोलो रिसर्च ही एआय सुरक्षा संस्थाही सुरुवातीला रीथिंक प्रायॉरिटीज या दुसऱ्या संशोधन संस्थेच्या छत्राखाली होती. इथे मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था परदेशी पैसा तुमच्या संस्थेला देऊ शकत नाही, स्वतःच खर्च करू शकते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. भाडं त्यात धरतात. संशोधन संस्थेत माहिती गोळा करणाऱ्यांचे आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचे पगार धरत नाहीत. अंदाजपत्रकात हे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. संचालक दोघंही भारतीय नागरिक ना?

चाचणीघर : संस्थेतला माझा जोडीदार ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) आहे. ते लिहायचं राहिलं.

सहीशिक्का : मग अर्जाला त्यांच्या आधारऐवजी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्डाची प्रत लावा. आणि फाउंडेशनला आजच विचारा, ग्रँटऐवजी सेवाकरार चालेल का.