मर्केटरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनो, अ‍ॅटलस उघडून बघितलाय का कधी?

तिरपागडा (धागाकर्ता):
दोन दिवस सगळ्या ग्रुपवर तीच पोस्ट फिरतेय. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा म्हणजे गोऱ्यांचा साडेचारशे वर्षांचा कट, आफ्रिका मुद्दाम बारकी दाखवली, आणि आता फोन आहे तर अ‍ॅटलस रद्दीत घाला. खाली टाळ्या, हात जोडलेले, 'डोळे उघडले सर'. पोटासाठी जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचं काम करतो, त्यामुळे सोडून द्यावं म्हटलं तरी सोडवेना.

तो नकाशा मर्केटर या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराचा, 1569 साली त्यानं खलाशांसाठी काढलेला. त्याच्या लांबलचक लॅटिन नावातच तसं लिहिलंय. दिशा बरोबर राहावी म्हणून ध्रुवाकडे जाताना सगळं ताणत नेलं, 60 अक्षांशावर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्यात ग्रीनलंड फुगून आफ्रिकेएवढं दिसायला लागलं, खरी आफ्रिका त्याच्या चौदापट. ज्यांना आज कळलं त्यांचं अभिनंदन, पण आपणच शोध लावल्याचा आव कशाला? आणि ज्याला गोऱ्यांचा एजंट म्हणताय त्याला 1544 साली त्याच्याच लोकांनी पाखंडीपणाचा आरोप ठेवून सात महिने तुरुंगात डांबलं होतं. कटच असता तर सोव्हिएत रशिया एवढा अवाढव्य दाखवणारा नकाशा अमेरिकेनं शीतयुद्धात शाळाशाळांतून लावला असता का?

आता रद्दीचं. अ‍ॅटलसमध्ये तेच भारताचं चित्र पानामागून पान येतं, पाऊस, माती, पिकं, लोकवस्ती, रेल्वे. पावसाच्या पानावर सह्याद्रीच्या पूर्वेला रंग एकदम पालटतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि शंभर किलोमीटरच्या आत फलटणला पाचशेच्या आसपास. मग पान उलटून पिकं बघा, पुढचं उलटून धरणं बघा, दुष्काळी पट्टा तिथंच का ते कुणी न सांगता समजतं. फोन मला हॉटेल कुठं आहे ते सांगतो, त्याबद्दल आभार.

नीलाक्षी_नागपूर:
पोस्टवाला वेडपट होता म्हणून तुम्हाला सोपं गेलं. मी आठवी ते दहावीला भूगोल शिकवते. वर्गात विचारते, महाराष्ट्र मोठा की ब्रिटन? सगळे हात ब्रिटनला. महाराष्ट्र 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर, ब्रिटन 2 लाख 44 हजार. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे हे आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा पटेना, शेवटी एका सरांनी फोन काढून खात्री केली आणि तरी म्हणतात "असेल बाप्पा".

कट नव्हता, मान्य. पण खलाशांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर कोणी टांगला? आपणहून चढला का? आणि ते शीतयुद्धाचं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतंय, रशिया मोठा दाखवून भीती घालायला तो नकाशा सोयीचाच होता की. आर्नो पीटर्सनं 1973 मध्ये समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळं बरोबर दाखवणारा नकाशा पुढं केला तेव्हाही तुमच्यासारख्या जाणकारांनी नाकं मुरडली. ऑगस्ट 2025 मध्ये आफ्रिकन युनियननं, म्हणजे 55 देशांच्या संघटनेनं, मर्केटर बदला या मोहिमेला पाठिंबा दिला. ते काय फॉरवर्ड वाचून?

खारावारा:
निम्मं आयुष्य बोटीवर काढलं म्हणून बोलतो. मर्केटरला शिव्या देणाऱ्या एकाला तरी चार्ट टेबलाशी उभं करा. पॅरलल रूलरनं रेघ मारायची, रूलर सरकवत कंपास रोजपर्यंत, म्हणजे चार्टवर छापलेल्या दिशांच्या चक्रापर्यंत न्यायचा, येईल तो आकडा सुकाणूवाल्याला द्यायचा, झालं. सरळ रेघ प्रत्येक रेखावृत्ताला त्याच कोनात कापते म्हणून हे जमतं. अंतर काढायला डिव्हायडर कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर लावायचा, तोही आपण आहोत त्याच्याच समोर. वर किंवा खाली लावलात तर मैल चुकले, कारण पट्टीच ताणलेली आहे, आणि हे ताणलेलं आहे हे कॅडेटला पहिल्या महिन्यात कळतं. काकू, पीटर्सच्या नकाशावर मुंबई ते एडन जाऊन दाखवा, मग बोलू.

आता तेही गेलं म्हणा, सगळं ईसीडीआयएसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्टच्या स्क्रीनवर. पोरं खिडकीबाहेर बघतच नाहीत, समोर मच्छीमारांच्या होड्या आहेत आणि हा स्क्रीन झूम करतोय.

नीलाक्षी_नागपूर:
मला काकू म्हणू नका. आणि माझ्या वर्गातली मुलं एडनला बोट नेणार नाहीयेत, हाच तर मुद्दा आहे. अवजार बोटीवर ठेवा, भिंतीवर कशाला?

तिरपागडा:
नीलाक्षीताई, पीटर्सचं कौतुक नको. ते प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची ती रीत, जेम्स गॉलनं 1855 मध्येच मांडली होती, पीटर्सनं आपली म्हणून खपवली. क्षेत्रफळ बरोबर, पण विषुववृत्तापाशी उत्तर-दक्षिण ताण पूर्व-पश्चिमेच्या दुप्पट, आफ्रिका दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखी लोंबते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या भूगोलवाल्यांच्या संघटनांनी ठरावच केला होता की सर्वसाधारण वापरासाठी जगाचे आयताकृती नकाशे बंद करा, मर्केटर आणि पीटर्स दोघेही बाद. ही मोहीम जो नकाशा लावा म्हणतेय तो इक्वल अर्थ 2018 चा, तो चांगला आहे, मीही वापरतो. म्हणजे घ्या, तुमचा मुद्दा मान्य. पोस्टवाल्याचा नाही.

नीलाक्षी_नागपूर:
केवढे उपकार.

मिनिमॅप:
मंडळी तुम्ही कुठल्या शतकात आहात. गूगलचा नकाशा कॉम्प्युटरवर पूर्ण झूम आउट केला की 2018 पासून गोलच होतो, ग्रीनलंड आपोआप लायकीत येतं. छापील अ‍ॅटलस दुकानात येईपर्यंत शिळा. 2014 ला तेलंगणा, 2019 ला लडाख, 2023 ला संभाजीनगर आणि धाराशिव, किती वेळा नवीन घेणार? माझ्या भाच्याच्या दप्तरात जो आहे त्यात आंध्र अजून अख्खा आहे.

कडेलोट:
मिनिमॅप, तू सह्याद्रीत कधी गेलायस का? बेलपाडा ते हरिश्चंद्रगड फोनवर बघ, बोटाच्या पेराएवढं अंतर. मध्ये कोकणकडा आहे आणि गावापासून वर हजार मीटरहून जास्त चढाई. टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या तपशीलवार नकाशावर, 20 मीटरच्या कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा असतात, कड्यापाशी त्या एकमेकींवर चढून तपकिरी पट्टाच होतो, तो दिसला की माणूस तिथं वाट शोधत नाही, नळीची वाट कुठून चढते ते बघतो. आमच्यातल्या एकाला अ‍ॅपनं पलीकडच्या धारेवर नेलं, ठिपका म्हणे आलंच, फक्त ठिपका खाली आणि हा वर. अंधारात दोरानं उतरवला.

बरं शीट मिळवायची तर आपल्याकडे काय कमी तमाशे, कोकणाच्या किनाऱ्यालगतची रिस्ट्रिक्टेड, अर्ज करा, शिक्का आणा, आणि त्याच किनाऱ्याचं सॅटेलाइट चित्र परदेशातला कुणीही घरबसल्या बघतोय. 2017 ला टोपोशीटची ओपन सिरीज फुकट डाउनलोडला आली, 2021 ला नियम सैल झाले, तोवर आमचे गुडघे गेले.

मिनिमॅप:
अ‍ॅपची चूक नाही, तुमच्या मित्राला झूम करता येत नाही. कंटूर फोनवर पण दिसतात, लेयर लावावा लागतो.

कडेलोट:
हो ना, रेंज असली की दिसतात. कोकणकड्यावर टॉवर तू उभारतोयस का?

बांधावरचा:
वाचतोय मघापासून. ग्रीनलंड केवढं आन आफ्रिका केवढी, ह्यानं आमच्या आयुष्यात काय फरक पडतो सांगा. आमचं जग म्हणजे गावनकाशा. करमाळा तालुका. गावनकाशात आमच्या गटाच्या कडंनं पाणंद हाय, तुटक दुबार रेष, अगदी ठळक. जमिनीवर गेलं तर तिथं शेजाऱ्याचा ऊस. दरसाली थोडा थोडा बांध कोरत पाणंदच खाल्ली. माझा ऊस तोडून पडलाय, गाडी आत येत न्हाई, डोक्यावर मोळ्या वाहून रस्त्यापर्यंत आणायच्या. नकाशा खरा का ऊस खरा? तहसीलला गेलं तर म्हणतात मोजणी आणा, मोजणीला गेलं तर म्हणतात नंबर लागंल तवा.

तिरपागडा:
बांधावरचा, तुमची अडचण खरी आहे पण हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढाल का?

बांधावरचा:
का? ह्यो नकाशा न्हाई का? का मराठीत असला की नकाशा नसतो?

गटबुक:
भूमी अभिलेखमधून निवृत्त झालोय म्हणून राहवलं नाही. तुमचा रस्ता गावनकाशात आहे ना, मग मोजणीच्या मागं कशाला लागलात? नकाशात असलेला रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 चं कलम 5, अडथळा काढायला. रस्ताच नसता तर बांधावरून मागायला महसूल संहितेचं कलम 143. लोक 143 चा अर्ज करतात, तोच फेटाळला जातो, मग सरकारला शिव्या.

आणि गावनकाशा म्हणजे देवाचं वाक्य नव्हे, हेही ऐका. आपल्याकडची मोजणी 1836 च्या सुमाराला विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून बसवली, 33 फुटी साखळीनं. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, तोच तुमचा गुंठा. जुने नकाशे कापडावर चिकटवलेले, शंभर-दीडशे पावसाळे खाल्लेले, कागद आक्रसतो, घडीवर रेघ उडते. त्यात 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरचे गट झाले, आणि बऱ्याच गावांत कागदावर एक, ताब्यात भलतंच.

बांधावरचा:
म्हणजे तुमच्या खात्यानं घोळ घातला आन आता मला कलमं शिकवताय. आमच्याकडं मोजणीला जो साहेब आला त्यानं शेजाऱ्याच्या वस्तीवर जेवण केलं आन खुंट्या माझ्या रानात ठोकल्या.

गटबुक:
एकाच्या जेवणावरून सगळ्या खात्याला मोजू नका. उन्हात प्लेन टेबल, म्हणजे मोजणीचं फळीचं टेबल, खांद्यावर घेऊन आम्ही हिंडलोय, दोन्हीकडून कुऱ्हाडी निघालेल्या बघितल्यात. खुंट्या उपटून कोण टाकतं ते तुम्हालाही माहीत आहे.

बांधावरचा:
मी उपटल्या असं म्हणायचंय का तुम्हाला? सरळ बोला.

मिनिमॅप:
दादा एक अ‍ॅप येतं, शेताच्या कडेनं फोन घेऊन चाललं की क्षेत्रफळ काढतं. कशाला ऑफिसच्या पायऱ्या.

गटबुक:
झालं, आले. फोनची चूक मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर, झाडाखाली त्याहून जास्त. गुंठ्याची बाजू दहा मीटर. म्हणजे अर्धा गुंठा इकडं की तिकडं हे फोन ठरवणार? असलेच स्क्रीनशॉट घेऊन लोक सुनावणीला येतात आणि साहेबाला म्हणतात अ‍ॅपमध्ये माझं जास्त दिसतंय. आता खात्याकडं सॅटेलाइटवर चालणारे मोजणीचे रोव्हर आहेत, सेंटिमीटरमध्ये मोजतात, पण ते यंत्र धरणारा माणूस लागतो आणि मूळ गटबुकाशी, म्हणजे गटांच्या मोजणीच्या जुन्या नोंदींशी बसवणारा त्याहून जाणता लागतो.

नीलाक्षी_नागपूर:
हे बघा, आता हसू येतंय. तिरपागडा, तुम्ही म्हणत होता नकाशात राजकारण नाही, तो आपला एका कामाचं अवजार. इथं एका तुटक रेषेवर दोन माणसं हातघाईवर आलीत. रेघ कोणी काढली, कधी काढली, कोण ती वाचू शकतो, सगळं आलं की. मी दहावीच्या मुलांना गावनकाशा दाखवायला मागितला तर म्हणाले अभ्यासक्रमात नाही.

तिरपागडा:
राजकारण नाही असं मी कुठं लिहिलंय? कट नाही असं लिहिलंय. आपल्याकडं तर 1961 पासून देशाची हद्द चुकीची दाखवणारा नकाशा छापणं गुन्हा आहे, रोजच्या कामात सर्व्हे ऑफ इंडियाची हद्द तपासल्याशिवाय आम्ही साधी पुस्तिका छापायला देत नाही, मला नका शिकवू. पण गावनकाशा दहावीला असावा हे बरोबर आहे. दुसऱ्यांदा मान्य करतोय, नोंद घ्या.

खारावारा:
आमच्याकडं चार्टच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं सर्व्हे कुठल्या साली, कोणत्या पद्धतीनं झालाय, आणि दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. काही पाण्यात अजून शिशाची दोरी सोडून मोजलेली खोली छापलेली आहे, तिथं कॅप्टन जपून जातो. तुमच्या गावनकाशावर मोजणीचं साल असतं की नाही?

गटबुक:
असतं. कोणी बघत नाही.

कडेलोट:
नीलाक्षी मॅडम, टोपोशीट पण शिकवा हो. पोरं ट्रेकला येतात, उत्तर कुठं विचारलं तर फोन फिरवतात.

नीलाक्षी_नागपूर:
शिकवते. परीक्षेला आराखड्यात पाच ठिपके दिले की मार्क मिळतात, मग तुमच्या कंटूर कोण वाचणार? स्टेन्सिल ठेवायची, कडेनं पेन्सिल फिरवायची, कोकण म्हणून रेघोट्या. श्रीलंका विसरली तरी चालते.

मिनिमॅप:
म्हणजे शेवटी अ‍ॅटलस कोणीच वाचत नाही, हेच मी म्हणत होतो. पण ते महाबळेश्वर-फलटणचं मी फोनवर बघायला गेलो, पावसाचा असा नकाशा मिळाला नाही नीट. एवढंच म्हणतोय, लगेच उड्या मारू नका.

तिरपागडा:
मारत नाही. रद्दीवाल्याकडून उचल एखादा, किलोवर मिळेल. आंध्र अख्खा असला तरी पाऊस तोच आहे.

बांधावरचा:
गटबुक साहेब, मघाशी तापलो. ते 1906 चं कलम 5 वकिलाला विचारलं, म्हणाला बरोबर हाय, पण किती रुंदी खाल्ली ते दाखवायला मोजणी लावलेलीच बरी. आता मोजणी साधी, तातडीची का अतितातडीची?

गटबुक:
ते प्रकार गेले, आता नियमित आणि द्रुतगती दोनच. तुमचा ऊस उभा असता तर द्रुतगती म्हटलं असतं, तुटलाय तर नियमित लावा, पैसे वाचतील. अर्जात लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते बरोबर द्या. एकाला जरी नोटीस पोचली नाही तर तो तेवढंच धरून पुढं भांडतो आणि सगळी मोजणी परत.

बांधावरचा:
लगतचा म्हणजे चुलतभाऊच हाय. घर समोर. नोटीस मीच नेऊन दिली तर चालतंय का?

गटबुक:
नाही चालत.