चर्चा: सातवीत प्रयोग आणि क्रियापदाचे अर्थ नावानिशी शिकवावेत का?

मराठीची बाई:
परवा फळ्यावर ‘मी पोळी खाल्ली’ लिहिलं. एक मुलगा ठामपणे म्हणाला, कर्तरी प्रयोग (क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं तो); कारण ‘ने’ नाही. ‘ने दिसला की कर्मणी’ (क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं तो प्रयोग) ही युक्ती त्याला कुणीतरी पढवलेली. मी ‘पोळी’ पुसून ‘लाडू’ लिहिलं. त्यानं लगेच ‘खाल्ली’चं ‘खाल्ला’ केलं. मग ‘मी’ पुसून ‘ताईने’ लिहिलं, तर ‘खाल्ला’ जागचं हललं नाही. ‘म्हणजे ते लाडवाचं ऐकतंय!’ असं तोच म्हणाला. मला वाटतं, या वयात एवढं व्याकरण पुरे. कर्तरी, कर्मणी, आज्ञार्थ (हुकूम सांगणारं क्रियापदाचं रूप), विध्यर्थ (कर्तव्य, इच्छा सांगणारं रूप) ही नावं नववीत येऊ द्यावीत.

निवृत्त शिक्षक:
बाई, मला हे पटत नाही. ‘मुलांनी खरे बोलावे’ आणि ‘आज पाऊस पडावा’. क्रियापदाची घडण एकच (-आवे, -आवा), पण पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात इच्छा. विध्यर्थ हे नाव हाताशी असलं की या दोन्हींना शेजारी ठेवून वर्गात बोलता येतं. नाव काढून घेतलंत तर मूल ‘ते वे-वालं’ म्हणत राहील. सातवीतली मुलं विज्ञानात याहून अवघड शब्द पेलतात. युक्ती चुकीची होती, नावं नव्हेत.

सोलापूरचा पालक:
आमच्याकडं घरात ‘मी काम केलो’ असंच बोलतात. मुलीच्या वहीत त्यावर लाल फुली आली, कारण कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, आपली आई चुकीचं बोलते. खरं तर आमच्या बोलीत इथं क्रियापद कर्त्यामागं जातं, पुस्तकात कर्मामागं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा. कर्तरी-कर्मणी तिथंच उलगडेल, आणि त्यासाठी ती दोन नावं लागतीलच.

इंग्रजी माध्यमात मराठी शिकवते:
आमच्याकडे वेगळाच घोळ. मुलं पॅसिव्ह म्हणजे कर्मणी धरून चालतात. ‘मी पोळी खाल्ली’ इंग्रजीत अॅक्टिव्ह, मराठीत कर्मणी. नावं उशिरा दिली, तर तोवर इंग्रजीची नावं मराठीवर चिकटलेली असतात.

मराठीची बाई:
सोलापूरच्या दादांचं पटलं; ती दोन नावं उद्याच देते. विध्यर्थ आणि संकेतार्थ (जर-तरचं रूप) यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आणि सर, उद्या ‘मी कविता विसरले’ही फळ्यावर येणार. भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी क्रियापद माझ्यामागं आलं. याचं नाव सांगण्याआधी मुलांना दहा मिनिटं त्याच्याशी झुंजू देणार आहे.