मदत हवी आहे: खाडीतून परत येताना कयाक पुढेच सरकत नाही

वल्हेकरी
कयाकिंग नुकतंच सुरू केलंय. खाडीत आत जाताना काहीच त्रास नाही, परतताना मात्र कितीही वल्हवलं तरी जागच्या जागी. हात भरून येतात. वल्हं बदलू का? रविवारी मित्रांना घेऊन जायचंय, लवकर सांगा.

तिवर
किती वाजता उतरलात? भरती होती की ओहोटी?

वल्हेकरी
सकाळी. पाणी भरपूर होतं. वल्ह्याचं सांगा ना.

हलकं_वल्हं
कार्बन फायबरचंच घ्या. मी बदललं आणि खांदेदुखी गेली. लांबी मात्र तुमची उंची आणि कयाकची रुंदी बघून ठरवा.

तिवर
वल्ह्याचा इथे काही संबंध नाही. जाताना सोपं, येताना जड, म्हणजे भरती चढत होती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. चढायच्या सहा तासांपैकी मधल्या दोनातच जवळपास निम्मं पाणी येतं. नवख्याने त्या वेळात खाडीत नसावंच. भरतीच्या शेवटच्या तासात आत जा, पाणी थांबलं की वळा, ओहोटी हळू आहे तोवर परत या.

दर्यावर्दी
आणि उतरायची जागा मुखाजवळ असेल तर? ती चुकली की ओहोटी थेट समुद्रात नेते. आधी जागा कुठे आहे ते विचारा.

तिवर
बरोबर, म्हणूनच 'हळू आहे तोवर' म्हटलं. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ बंदराची असते, खाडीत आत भरती उशिरा पोचते. घड्याळापेक्षा पाण्यात रोवलेल्या खुंटाकडे बघा: पाणी कोणत्या बाजूने चिरतंय, फेस कुठे वाहतोय.

हलकं_वल्हं
कयाकची दोरी पायाला बांधून ठेवा, म्हणजे उलटलात तरी ती निसटणार नाही.

दर्यावर्दी
वाहत्या पाण्यात अजिबात नको! दोरी खांबाला किंवा मुळांना अडकली की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

हलकं_वल्हं
उघड्या पाण्यात सगळे बांधतात.

दर्यावर्दी
तिथे अडकायला काही नसतं. हे खाडीचं विचारतायत.

वल्हेकरी
जागा मुखापासून बरीच आत आहे. वाटेत पूल लागतो.

दर्यावर्दी
हे आधी सांगायला हवं होतं. खांबांच्या मधोमध, सरळ जा. कयाक आडवी होऊन खांबावर आपटतेय असं वाटलं तर खांबाकडेच झुका. उलट्या बाजूला झुकलात की पाणी कयाकवर चढतं आणि ती उलटते. पूर्ण ओहोटीला काठही उघडा पडतो. चिखलात पाय टाकू नका, कयाकमध्येच बसून राहा.

तिवर
रविवारी तिथी काय आहे?

वल्हेकरी
पौर्णिमा.

तिवर
म्हणजे उधाण, प्रवाह सगळ्यात जोराचा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे चढउतार आणि प्रवाह कमी, तेव्हा न्या मित्रांना. सगळ्यांना पोहता येतं?

वल्हेकरी
दोघांना नाही. चौघांत लाइफ जॅकेट दोनच आहेत.

तिवर
मग आणखी दोन मिळेपर्यंत कोणालाच नेऊ नका. पोहता येणाऱ्यांनाही जॅकेट लागतंच. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधा.